एका शब्दाची धार



आज मी तुमच्याशी एका शब्दाविषयी बोलणार आहे. शब्द इंग्रजी आहे, अवघ्या चार अक्षरांचा आहे, आणि आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत तो वारंवार भेटतो. शब्द आहे 'कीन'. एखाद्या गोष्टीची जबर आवड असलेला, हा त्याचा रोजच्या वापरातला अर्थ.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजी विशेषणाचं आणि आम्हां खेड्यातल्या माणसांचं काय देणंघेणं? थोडा धीर धरा. हा एक परका शब्द नीट समजून घ्यायचा म्हटला, की आपल्याच घरातले चारपाच शब्द नव्याने तपासावे लागतात. आणि ते शब्द आपण रोज आपल्या मुलांना उद्देशून वापरतो. कधी कौतुकाने, पण पुष्कळदा रागाने. म्हणून ही गोष्ट केवळ इंग्रजीच्या तासाची नाही.

सुरुवात मात्र वर्गातूनच करू. फळ्यावर शब्द लिहिला जातो आणि समोर अर्थ लिहिला जातो: 'कीन म्हणजे उत्सुक'. मुले तो अर्थ वहीत उतरवतात, पाठ करतात. पुढे धड्यात 'कीन आइज' असे शब्द येतात, तेव्हा मुलगा लिहितो 'उत्सुक डोळे'. 'कीन विंड' येते, तेव्हा तो लिहितो 'उत्सुक वारा'. 'कीन कॉम्पिटिशन'ला 'उत्सुक स्पर्धा'. आपण हसतो. पण हसण्याआधी विचार केला पाहिजे. मुलाने आपण दिलेलाच अर्थ प्रामाणिकपणे वापरला. खोट मुलात नाही, अर्थ अपुरा दिला गेला त्यात आहे.

मग पुरा अर्थ कोणता? तो शोधायला आपण कोल्हापूरला, मंगळवार पेठेत जाऊ. समजा, इंग्रजी वाक्य आहे, 'ही इज कीन ऑन रेसलिंग'. हे वाक्य घेऊन पेठेतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, की जो पोरगा पहाटे चारला उठून लाल मातीत उतरतो, जोर-बैठका मारतो, दूध-बदामापायी घरच्यांच्या तोंडाला फेस आणतो, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात? 'तो कुस्तीसाठी उत्सुक आहे' असे उत्तर मिळणार नाही. उत्तर येईल, "त्येला कुस्तीचा नाद हाय."

बघा, अर्थ लागला. उत्सुक माणूस वाट बघणारा असतो. निकालाची वाट बघतो, पाहुण्याची वाट बघतो, पावसाची वाट बघतो. ज्याला नाद आहे तो वाट बघत बसत नाही, तो कामाला लागलेला असतो. 'कीन ऑन' या इंग्रजी प्रयोगात हीच लागलेली ओढ आहे, आणि तिला जवळचा मराठी शब्द आपल्या जिभेवर आधीपासून आहे.

पण इथेच एक अडचण उभी राहते. 'कीन' हा शब्द इंग्रजीत बहुधा कौतुकाचा असतो. शिक्षकाने मुलाच्या प्रगतिपुस्तकात तो लिहिला, तर बाप खूष होतो. आपल्याकडे मात्र 'नाद' म्हटलं की आईच्या कपाळाला आठी पडते. "पोरगं नादी लागलं," म्हणजे वाया गेलं. एकच ओढ; एका भाषेत तिला शाबासकी आणि दुसरीत शिवी. असे का झाले? दोन्ही बाजूंच्या शब्दांचा इतिहास थोडा पाहू.

आधी इंग्रजी शब्द. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ आवड असा नव्हता, धारदार असाही नव्हता. तेव्हा तो शूर, धाडसी माणसाला लावीत. त्याचाच जर्मन भाऊबंद 'क्यून' आजही धाडसी याच अर्थाने वापरला जातो. उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेत त्याच कुळातल्या शब्दाचा अर्थ होता कुशल, जाणता. बरेच व्युत्पत्तिकार हे सारे कूळ 'जाणणे' या अर्थाच्या मूळ धातूपर्यंत नेऊन पोचवतात. त्याच धातूची संस्कृतातली फांदी म्हणजे 'ज्ञा', जिच्यापासून आपले ज्ञान आले, जाण आली, जाणता हा शब्द आला.

पुढे मध्ययुगात हा शब्द माणसावरून त्याच्या हातातल्या हत्याराकडे सरकला. शूर माणसाची तलवार जशी, तसा शब्द झाला: धारदार, तीक्ष्ण. मग धारेवरून बोचऱ्या थंडीला, अंगाला झोंबणाऱ्या वाऱ्याला तो लागू लागला. तिथून नजरेला, कानाला, बुद्धीला. आणि अखेर मनाच्या ओढीला. जाण, धाडस, धार, ओढ, अशा चार पायऱ्या चढत हा शब्द आजच्या अर्थाला आला. मागच्या पायऱ्या पुसल्या गेल्या नाहीत. 'कीन आइज' म्हणताना धारेची पायरी अजून वापरात आहे. म्हणून त्याचा अर्थ 'तीक्ष्ण नजर', आणि 'कीन विंड' म्हणजे 'बोचरा वारा'.

त्याचा सोबती 'ईगर' हा शब्दही असाच आहे. उत्सुक, उतावीळ असा त्याचा अर्थ. तो फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधल्या 'आकेर' या शब्दापासून. त्याचा अर्थ तीक्ष्ण, झोंबणारा. 'व्हिनेगर' हा शब्द आता आपल्याकडे लोणच्याच्या बाटलीवरही दिसतो. त्यातला शेवटचा तुकडा तोच आहे. व्हिनेगर म्हणजे आंबट, झोंबरी दारू. इंग्रजाची उत्सुकता अशी जिभेला आणि कातडीला जाणवणारी आहे.

ही कल्पना आपल्याला परकी वाटायचे कारण नाही, कोल्हापूरकराला तर मुळीच नाही. आपला 'तिखट' हा शब्द संस्कृत 'तीक्ष्ण' या शब्दापासूनच प्राकृताच्या वाटेने आला आहे. ज्याला बारीक आवाजही ऐकू येतो त्याचे 'कान तिखट' आहेत असे आपण म्हणतो. इंग्रजीत तिथे 'कीन हिअरिंग' म्हणतील. आणि अतिशय उत्साही माणसाला इंग्रजीत 'मोहरीइतका कीन' म्हणण्याची जुनी रीत आहे. मोहरी फेसून केलेली त्यांची चटणी नाकाला झोंबते ना, तेच ते. म्हणजे इंग्रजाने मोहरीचे उदाहरण घेतले. कोल्हापूरच्या माणसाने ते घेतले असते तर लाल मिरचीचे घेतले असते, एवढाच फरक.

आता आपले शब्द घ्या. जबर आवड सांगणारे आपल्याकडे कितीतरी आहेत: छंद, नाद, हौस, षोक, वेड, खूळ.

'छंद' संस्कृतातला. त्याचा एक अर्थ कवितेचे वृत्त आणि दुसरा इच्छा, मर्जी. 'स्वच्छंद' म्हणजे स्वतःच्या मर्जीने चालणारा. पण मराठीत 'छंदीफंदी' म्हटले की तो माणूस मुलगी द्यायच्या लायकीचा राहत नाही.

'नाद' म्हणजे मुळात आवाज. घंटेचा नाद, मृदंगाचा नाद. जुन्या काव्यांत एक दृष्टांत नेहमी येतो. इंद्रियांच्या मोहाने प्राणी कसे फसतात हे सांगताना पतंग रूपाने, मासा चवीने, भुंगा वासाने, हत्ती स्पर्शाने आणि हरीण नादाने फसते, असे म्हटले आहे. पारधी गोड सूर काढतो, हरीण भान विसरून उभे राहते आणि बाण लागतो. 'नादी लागणे' या प्रयोगात हेच हरणाचे चित्र डोळ्यांसमोर येते. ऐकणारा भुलला की गेला.

'हौस' आणि 'षोक' हे दोन्ही अरबीतून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. अरबीत 'शौक' म्हणजे ओढ, उत्कंठा. आणि 'हवस' या शब्दाला वेडेपणाची छटा आहे. शिवछत्रपतींनी १६७०च्या दशकात राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण तो कोश कारभाराच्या शब्दांचा होता. हौस हा काही दफ्तरातला शब्द नव्हता. तो घरात, लग्नमांडवात, बाळंतिणीच्या खोलीत रुजला होता. तो तसाच राहिला, आणि आज 'हौसेला मोल नसतं' हे वाक्य म्हणताना तो अरबी आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते.

आणखी एक शब्द पाहा: 'आतुर'. आपण प्रेमाने म्हणतो, 'भेटीसाठी आतुर'. पण संस्कृतात आतुर म्हणजे पिडलेला, आजारी. आयुर्वेदात रोग्याला आतुर म्हणतात.

म्हणजे बघा, आपल्या शब्दांत जबर आवड ही कुठे भूल आहे, कुठे खूळ आहे, कुठे दुखणे आहे. इंग्रजीतही असे शब्द नाहीत असे नाही. 'एन्थूझिअॅझम' हा आज उत्साहाचा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द अंगात देव संचारण्याचा. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडातले शहाणे लोक तो नाक मुरडूनच उच्चारीत. धर्माच्या नावाने ज्याचे डोके फिरले आहे, त्याला ते हा शब्द लावीत. तेव्हा इंग्रज शहाणे आणि आपण मागासलेले, असा अर्थ यातून काढू नका. कुठल्याही समाजाला एकाच गोष्टीमागे लागलेल्या माणसाची धास्ती वाटते. शेत कोण नांगरणार, घर कोण चालवणार, ही आईबापांची काळजी खोटी नसते. 'कीन' या शब्दाचे वेगळेपण एवढेच, की त्याच्या पोटात जाण आहे आणि धार आहे. ज्या आवडीला जाणतेपणाची धार आहे, तिला तो शब्द शोभतो.

मग प्रश्न असा, की नादाला धार कशी येते? आणि इथे मंगळवार पेठेचा इतिहास आपल्याला उत्तर देतो.

पेठेत फिरताना एक शब्द पाट्यापाट्यांवर दिसतो: 'तालीम'. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम. आज या नावांचे फुटबॉलचे संघही आहेत. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असा सामना असला म्हणजे पेठेतल्या आजीबाईंनाही निकाल ठाऊक असावा लागतो. बाहेरगावचा माणूस विचारतो, फुटबॉलच्या संघाला तालीम का म्हणता? कारण आधी आखाडा होता, त्याच आखाड्याच्या पोरांनी पुढे पायाने चेंडू खेळायला घेतला. पण त्याही मागे जा. 'तालीम' हा अरबी शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ कुस्तीचा आखाडा असा नाही. त्याचा अर्थ आहे शिक्षण. आणि तालमीतला 'वस्ताद' म्हणजे फारसी 'उस्ताद', अर्थात गुरू, शिक्षक. शिक्षक बंधुभगिनींनो, हे ध्यानात घ्या. तालीम आणि वस्ताद म्हणजे शब्दशः शाळा आणि गुरुजी. ज्या पोराला कुस्तीचा नाद लागला, त्याला या गावाने नुसते रागावून सोडून दिले नाही. त्याच्या नादासाठी एक शाळा काढली, एक गुरुजी बसवला, पहाटेची वेळ ठरवून दिली आणि ताक, तेल, हळद, लिंबू घालून माती मळून दिली.

राजर्षी शाहू छत्रपती १८९४ साली गादीवर आले. त्यांना स्वतःला कुस्तीचा नाद होता हे सगळ्यांना माहीत आहे. १९०२ साली ते विलायतेच्या प्रवासाला गेले. त्या प्रवासात रोमची जुनी गोल प्रेक्षागृहे त्यांच्या पाहण्यात आली. परत आल्यावर मंगळवार पेठेच्या अंगाला खासबागेत त्यांनी कुस्तीचे मैदान बांधायला घेतले, आणि १९१२ साली ते तयार झाले. मधे आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना आहे. मागे बसलेल्या माणसालाही पुढच्याच्या डोक्याआडून कुस्ती पाहावी लागत नाही. त्याच मैदानाच्या शेजारी १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. पुढे त्याला केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ज्याला कुस्तीचा नाद त्याला मैदान, ज्याला गाण्या-नाटकाचा नाद त्याला रंगमंच, आणि दोन्ही एकमेकांना पाठ लावून. याच राजाने १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शाळा आणि तालीम ही दोन्ही त्यांच्या दृष्टीने शिक्षणाचीच घरे होती, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

केशवराव भोसले १८९० साली कोल्हापुरात जन्मले. घरची गरिबी. लहान वयात नाटक कंपनीत गेले, पोरवयात 'संगीत शारदा'तली शारदा गाऊ लागले, आणि १९०८ साली, म्हणजे अठरा वर्षांचे व्हायच्या आतच, त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची कंपनी काढली. नाटक कंपनीत गेलेल्या पोराला त्या काळी लोक काय म्हणत, हे जुन्या माणसांना सांगायला नको.

कोल्हापूरचेच बाबूराव पेंटर. सुतारकाम, मूर्तिकाम, पडदे रंगवणे हे घरचे काम. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, आणि बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांना चित्रपटाने झपाटले. कॅमेरा विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून कॅमेराच तयार करायचा असे ठरले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही आणि १९१८ साली कॅमेरा पुरा केला. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' लोकांनी पाहिला. दोन वर्षे भावाच्या मागे एकटे राहून लोखंडाचे सुटे भाग जुळवीत बसणारा माणूस शेजाऱ्यांना कसा दिसत असेल? खुळाच दिसत असेल. पण त्याच्या खुळात जाण होती, आणि हाताला धार होती.

आता तिसरे उदाहरण, आणि ते खास शिक्षकांसाठी. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव. जन्म १९२६चा. शिकायला कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. पुढच्या, १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायचे तर पैशांची अडचण उभी राहिली. तेव्हा त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. खाशाबा हेलसिंकीला गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

या प्रसंगात आपण नेहमी खाशाबांचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण क्षणभर प्राचार्यांकडे पाहा. त्यांच्यासमोर एक विद्यार्थी होता. "हा अभ्यास सोडून कुस्तीच्या नादी लागला आहे," असे ते म्हणू शकले असते, आणि कुणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी तसे म्हटले नाही. त्यांनी त्या नादातली धार ओळखली, आणि तिच्या भरवशावर घर गहाण टाकले. 'कीन' या शब्दाचा अर्थ मुलांना सांगायचा असेल, तर शब्दकोशापेक्षा ही गोष्ट अधिक उपयोगाची आहे, असे मला वाटते.

शब्दकोशाची हेटाळणी मात्र मी करीत नाही. मोल्सवर्थ साहेबांनी सुरू केलेला आणि कँडी साहेबांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. एकेका इंग्रजी शब्दासमोर जुळणारे मराठी शब्द जमवण्याचे ते केवढे कष्ट! कोश आपल्यापुढे अनेक शब्द मांडतो. त्यातला कोणता कुठे बसतो हे ठरवण्याचे काम वापरणाऱ्याचे असते. आपण आळस करतो, एकच शब्द उचलतो आणि तो फळ्यावर लिहून मोकळे होतो. म्हणून शिक्षकांसाठी हा थोडा उपयोगाचा भाग सांगून टाकतो.

'कीन'च्या पुढे 'टु' आणि क्रियापद आले, म्हणजे एखादे काम करण्याची इच्छा. 'शी इज कीन टु लर्न': तिला शिकायची फार इच्छा आहे. इथे 'उत्सुक' चालेल. 'कीन'च्या पुढे 'ऑन' आणि नाम आले, म्हणजे टिकून राहिलेली आवड: नाद, षोक, गोडी. 'ही इज कीन ऑन फुटबॉल': त्याला फुटबॉलचा नाद आहे. नजर, कान, नाक, बुद्धी यांच्या आधी आला, तर तीक्ष्ण, तिखट, तल्लख. वाऱ्याच्या, थंडीच्या आधी आला, तर बोचरा, झोंबरा. स्पर्धेच्या आधी आला, तर आपल्याकडे फार छान शब्द आहे: चुरशीची. 'कीन कॉम्पिटिशन' म्हणजे चुरशीची स्पर्धा. दोन पेठांचा सामना डोळ्यांपुढे आणा, अर्थ विसरणार नाही. विलायतेत दुकानदार 'कीन प्राइसेस' असे लिहितात, तेव्हा ते म्हणतात की आमचे भाव शेजारच्यापेक्षा कमी आहेत.

'आय अॅम नॉट व्हेरी कीन' असे कुणी म्हटले, तर त्याचा अर्थ 'मी फार उत्सुक नाही' एवढाच घेऊ नका. तो सभ्यपणाने दिलेला नकार असतो. आपण म्हणतो ना, "तेवढं काही मन होत नाही," तसाच. आणि विलायतेच्या बोलीत 'मॅड कीन' असा एक प्रयोग आहे. 'मॅड' म्हणजे वेडा. याला मराठी प्रतिशब्द शोधायला कुठे जायला नको. कोल्हापूरच्या पोरांनी तो केव्हाच करून ठेवला आहे: नादखुळा. आणि गंमत अशी, की आज कोल्हापुरात 'नादखुळा' ही शिवी राहिलेली नाही. एखादी गोष्ट फार झकास जमली, की पोरं म्हणतात, "नादखुळा!" नाद आणि खूळ, दोन दूषणे एकत्र आली आणि त्यांची शाबासकी झाली. शब्दांची नशिबे अशीही पालटतात.

एक सावधगिरी सांगायची राहिली. इंग्रजीत 'कीन' असा उच्चार असलेला आणखी एक शब्द आहे. तो आयर्लंडच्या भाषेतून आला, आणि त्याचा अर्थ मेलेल्या माणसासाठी गळा काढून रडणे. दोन्हींचे कूळ वेगळे, रूप मात्र एक. आपल्याकडेही तसेच आहे. आवडीचा 'षोक' अरबीतला आणि दुःखाचा 'शोक' संस्कृतातला. कानाला दोन्ही सारखेच लागतात. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि मोठी हानी झाली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जळालेल्या वास्तूसमोर किती कलावंतांना आणि किती साध्या रसिकांना रडू आवरले नाही. ज्याला षोक असतो, त्यालाच असा शोक होतो. ज्याला कशाचीच ओढ नाही, त्याला काही जळाले तरी वाईट वाटत नाही.

आता तुम्ही विचाराल, प्रत्येक नादाला काय डोक्यावर घेऊन नाचायचे? नाही. पत्त्यांचा नाद असतो, दारूचा नाद असतो, आणि आता हातातल्या मोबाइलचा नादही घरोघरी आहे. त्यातले चांगले कोणते आणि वाईट कोणते, हे ओळखायला या शब्दाचा इतिहासच आपल्या कामी येतो. त्याची पहिली पायरी कोणती होती? जाण. तेव्हा गुरुजी, बाई, तुमच्या वर्गातल्या नादिष्ट पोराला रागावण्याआधी त्याच्या नादाविषयी चार प्रश्न विचारून बघा. बैलांचा नाद असलेल्या पोराला विचारा, खिल्लार बैल कसा ओळखायचा? कबुतरांच्या नादाच्या पोराला विचारा, उडते कबुतर घराकडे परत कसे येते? तो खुलून सांगू लागला, बारकावे सांगू लागला, तुम्हांला ठाऊक नसलेले सांगू लागला, तर समजा की तो हरणासारखा भुललेला नाही. त्याच्या नादाला जाण आहे. त्याला धार लावणे हे तुमचे काम. तो काहीच सांगू शकला नाही, नुसता वेळ घालवतो असे दिसले, तर मग त्याला त्यातून अलगद बाहेर काढणे हेही तुमचेच काम.

२०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे नेमबाजीत कांस्यपदक जिंकून आला. पन्नास मीटरवरच्या निशाणावर नजर रोखायची, श्वास धरायचा, आणि घोडा ओढायचा. त्याची नजर 'कीन', त्याची ओढही 'कीन'. एकाच शब्दाचे दोन अर्थ एका माणसात भेटले. अशी पोरे आपल्या वाड्यावस्त्यांवर आणखीही आहेत. त्यांतली काही आज वर्गात मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत असतील.

म्हणून उद्या इंग्रजीच्या तासाला हा शब्द आला, तर एवढे करा. 'कीन म्हणजे उत्सुक' असे लिहून फळा पुसू नका. एकेका मुलाला उभे करा आणि आपल्या बोलीत विचारा, "तुला कशाचा नाद आहे?" पहिली दोनतीन मुले लाजतील, कारण हा प्रश्न आजवर त्यांना फक्त रागावताना विचारला गेला आहे. मग एखादे पोर धीर करून सांगेल. ते जे सांगेल ते फळ्यावर इंग्रजीत लिहा: 'आय अॅम कीन ऑन' आणि पुढे त्याच्या आवडीची गोष्ट. तो शब्द त्याला पाठ करावा लागणार नाही, आणि ते पोर काय करू शकेल याचा थोडा अंदाज तुम्हांलाही येईल.